फवारणीची चौकशी

"तुम्हाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचा कॅन्सर. तो हळू वाढतो, रोजच्या गोळीने बहुतेकांचा ताब्यात राहतो, असंही त्यांनी समजावलं. थकवा आणि पोटात डावीकडे जडपणा, एवढंच घेऊन मी रत्नागिरीला आलो होतो. आणि हा माणूस थेट कॅन्सर म्हणतो?

डॉक्टर मूळचे गुहागरचे. मुंबईतली मोठी जागा सोडून रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करायला इकडे परतलेले. काहीतरी भानगड झाली असणार, असं मी बाहेरच्या बाकावर बायकोला, सुलभाला, सांगितलं.

"तुम्ही देव भेटला तरी आधार कार्ड मागाल," ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला रक्ताची एक नळी जास्त घेतली. संशोधनासाठी, माझी सही घेऊन; नाही म्हटलं असतं तरी उपचार तेच होते. मग डॉक्टरांनी विचारलं, "बागेत फवारणी स्वतः करायचात?"

मी कान टवकारले. मालगुंडजवळ माझी हापूसची बाग. उद्या हे कुठेतरी छापून आणणार आणि आमच्या आंब्याला कोणी हात लावणार नाही. "छे, माणसं करतात," मी ठोकून दिलं.

"अहो, खोटं कशाला सांगताय? गेल्या सालापर्यंत हातांनी औषध ढवळत होतात ना?" सुलभा म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर रागावले नाहीत. "त्यानेच आजार झाला असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही, म्हणून तर इतकी वर्षं बागायतदारांना विचारत फिरतोय. बरेच जण लपवतात." मग म्हणाले, "आता कोण ढवळतं?"

आता गणपत ढवळतो. वीस वर्षं माझ्याकडे आहे. मी आजारी पडल्यावर ते काम त्याच्याकडे गेलं. त्याला साधे हातमोजेही मी दिले नव्हते.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांवर खुशाल संशय घ्या, हवे तितके प्रश्न विचारा. पण त्यांनी विचारलेल्याला खरं उत्तर द्या.

पुढच्या खेपेला गणपतला सोबत नेलं. वाटेत त्याला सगळं सांगितलं.

"मग आदी का नाय बोललात, दादा?" एवढंच त्याने विचारलं.

त्याच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांचे आभार मानताना मला रडू फुटलं. माझ्या रिपोर्टला मी रडलो नव्हतो. बाहेर येऊन गणपतला सांगितलं, "सगळं ठीक आहे रे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि डॉक्टरांना स्वतः विचारायला तो आत गेला.