सिंगापूर आणि पर्थच्या मधली रिकामी जागा

इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या वैजयंता गमरेंना इंग्रजी गाण्यांतलं काही म्हणता काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा रवी कॉलेजात असताना हॉलमध्ये ते ढणाढणा सुरू झालं, की बाई लाटणं हातात घेऊनच बाहेर यायच्या. "अरे, गातोय का कुणी मारतंय त्याला? बंद कर, नाहीतर स्पीकर खाली फेकीन!" शेजारच्या हंसाबेन भिंतीवर थापा मारायच्या त्या वेगळ्याच. आणि आता बघा, याच बाईंना गेल्या वर्षभरात पंधरा-वीस रॉक बँडांची नावं तोंडपाठ झाली होती. कुठल्या ड्रमरचं कुणाशी फाटलं, कोण दौऱ्यावर निघालंय, डिसेंबरच्या फेस्टिव्हलला कोण येणार, सगळं विचारा. आणि हा सगळा उपद्व्याप एका वाक्यापायी.

ते वाक्य रवीचं. चार वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी मेलबर्नला निघाला, तेव्हा विमानतळावर जायची गाडी खाली येऊन उभी होती. बाई रडत नव्हत्या. रडायचं नाही असं ठरवूनच दारात उभ्या होत्या. "आता परत कधी?" एवढंच त्यांनी विचारलं. रवीने आपल्या काळ्या टी-शर्टवर थाप मारली. त्यावर पेटलेली भट्टी आणि खाली बँडचं नाव, नॉर्थ फर्नेस. "हे लोक इंडियात आले ना आई, की त्या शोला मी येणार म्हणजे येणार. कुठेही असलो तरी." वातावरण जरा हलकं करायला पोरगा बोलून गेला, आणि आईने ते धरून ठेवलं. आया असंच करतात, त्यांना कोण सांगणार!

मग पहिलं वर्ष नवी नोकरी म्हणून गेलं. दुसऱ्या वर्षी घर बदललं. तिसऱ्या वर्षी तिथे कायम राहायचे कागद अडकले होते, आणि चौथ्या वर्षी रजाच शिल्लक नव्हती. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, "यंदा बघतो गं." वैजयंताबाईंनी 'ये' म्हणून कधी आग्रह धरला नाही. त्यांचे मिस्टर वाल्मिक हयात असताना गावाहून सासूबाईंचा दर महिन्याला निरोप यायचा, ये रे, एकदा येऊन जा. तो ऐकला की वाल्मिकरावांच्या कपाळावर आठी चढायची, आणि जाणं आणखीच लांबायचं. ती आठी बाईंनी जवळून बघितली होती. आपल्या पोराच्या कपाळावर ती आपल्यामुळे नको, असं त्यांनी पक्कं केलं होतं. मग उरला एकच रस्ता. ते भट्टीवाले इकडे आले पाहिजेत.

बाईंना बँडच्या बातम्या कळायच्या कशा, तर रवीचा जुना फोन त्यांच्याकडे होता. त्याच्या इथल्या बँकेचे ओटीपी त्या जुन्या नंबरवर येतात, म्हणून फोन त्याने आईकडेच ठेवला होता. त्यामुळे रविवार सोडून तो फोन करायचा तो याच कामासाठी. "आई, नंबर आला का? सांग पटकन." बाई काय करायच्या, पहिले दोन आकडे सांगायच्या आणि विचारायच्या, "जेवलास का?" मग आणखी दोन, आणि "थंडी आहे का रे तिकडे?" तो ओरडायचा, "आई, टाइम संपेल त्याचा!" वैजयंताबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी त्या ट्रंक कॉल जोडून द्यायच्या आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून लोकांना ते बजावायच्या. आता स्वतःला तीन मिनिटं मिळवायला त्यांना असली लबाडी करावी लागत होती. हसू येतं, पण कुणी हसू नये.

तर त्या फोनवर रवीच्या मित्रमंडळींचा एक ग्रुप होता, 'हेडलायनर कोण?' नावाचा. हेडलायनर म्हणजे फेस्टिव्हलच्या रात्री जो सगळ्यात शेवटी येतो आणि ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात, तो बँड. रवी नवीन नंबर घेऊन त्यातून केव्हाच बाहेर पडल्यासारखा होता, पण ग्रुप जोरात चालू होता. बाई दुपारी फोन चार्जिंगला लावता लावता वाचायला लागल्या आणि त्यात गुंतल्या. ही पोरं म्हणजे एकेक नमुना! फेस्टिव्हलवाल्यांनी नावं पुसट करून पोस्टर टाकलं, की ही फोटो मोठा करून अक्षरं मोजत बसणार. कुठल्यातरी गिटारवाल्याने डोसा खातानाचा फोटो टाकला, तर दोन दिवस नुसता जल्लोष, तो मुंबईत आलाय म्हणून! शेवटी निघालं काय, डोसा लंडनचा.

एकदा न राहवून बाईंनी लिहिलं, 'मी रवीची आई. नॉर्थ फर्नेस येणार आहेत का?' मग नेहा नावाच्या मुलीने लिहिलं, 'आंटी! वेलकम! आम्ही पण त्यांचीच वाट बघतोय.' काशीगावचा यतीन, जो लाउडस्पीकर आणि लाइट भाड्याने देणाऱ्याकडे कामाला होता, त्याने तर त्यांना गाणीच पाठवायला सुरुवात केली. बाई लसूण सोलताना ऐकायच्या. एक त्यांना बरं वाटलं. 'यात निदान माणूस श्वास घ्यायला थांबतो,' असं त्यांनी कळवलं, त्यावर पोरं दिवसभर हसत होती. रिकाम्या घरात कुणीतरी आपल्या बोलण्यावर हसतंय, याचं त्यांना फार बरं वाटलं.

एप्रिलमध्ये नॉर्थ फर्नेसने डिसेंबरच्या दौऱ्याच्या तारखा जाहीर केल्या. मुंबईचं नाव नाही. ग्रुपवर सुतक. जो तो रडका चेहरा टाकत होता. वैजयंताबाईंनी मात्र यादी चष्मा पुसून पुन्हा वाचली. जकार्ता, सिंगापूर, मग काहीच नाही, मग पर्थ, आणि पुढे खालपर्यंत ऑस्ट्रेलियातलीच नावं. बाईंचं बोट त्या रिकाम्या जागेवर थांबलं. त्यांनी लिहिलं, 'सिंगापूर आणि पर्थच्या मधे आठवडाभर ही माणसं जेवणार कुठे?'

झालं! ग्रुपला आग लागली. 'आंटी, यू आर अ जीनियस!' 'ती जागा मुंबईसाठीच सोडलीय!' यतीनने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की नेमक्या त्याच आठवड्यासाठी कुणीतरी त्याच्या मालकाकडचा सगळा साउंड अडवून ठेवलाय. मग तर शंकाच नको. ती रिकामी जागा बाईंना देवळातल्या गाभाऱ्यासारखी झाली. दिवसातून चारदा जाऊन बघून यायच्या.

रविवारी त्यांनी रवीला हळूच विचारलं, "तुझे ते भट्टीवाले यायचेत म्हणतात?"

"हो ना, दिसतंय तसं! मजा आहे!" रवी म्हणाला.

मजा आहे म्हणाला. म्हणजे येणार. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं नाही हे तर ठरलेलंच होतं.

मे महिन्यात एका सकाळी त्याचा फोन आला, नुसता घायकुतीला आलेला. "आई, नंबर आलाय बघ, लवकर, प्लीज, सुटेल नाहीतर!" त्या दिवशी बाईंनी जेवण विचारलं नाही, थंडी विचारली नाही. सहाच्या सहा आकडे एका दमात सांगितले. "थँक यू आई, जीव वाचवलास," म्हणून त्याने फोन ठेवला. बाई दिवसभर खुशीत होत्या. अडीअडचणीला अजून आपणच लागतो, असं त्यांना वाटलं.

पावसाळा संपता संपता त्यांनी रवीच्या गादीचा कापूस पिंजून घेतला. त्याच्या खोलीत ठेवलेले तांदळाचे डबे, इस्त्रीचं टेबल, सगळं बाहेर काढलं. पालीहून मासळी घेऊन येणारी अंबिका दारात बसली, तेव्हा तिच्याजवळ तर त्या बोलूनही गेल्या. जगात तेवढ्या एकाच माणसाला त्यांनी सांगितलं.

"डिसेंबरात रवी येतोय माझा. सोडे आणशील ना चांगले? सुकी कोलंबी फार आवडते त्याला."

"आनीन की! पोराला काय आवरतं ता मला म्हाईत न्हाय काय? पिशवी भरून आनते," अंबिका म्हणाली.

आणि ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी जाहीर झालं. पोस्टर आलं, सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, नॉर्थ फर्नेस, मुंबई. फोन नुसता थरथरत होता. यतीनने स्वतःचा नाचतानाचा व्हिडिओ टाकला. नेहाने लिहिलं, 'आंटींनी आधी सांगितलं होतं! आंटींचा विजय असो!' रविवारची वाट कोण बघणार? वैजयंताबाईंनी लगेच रवीला फोन लावला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?" तो घाबरलाच होता.

"नॉर्थ फर्नेस येतायत. मुंबईला. आत्ताच जाहीर झालं."

"हो अगं, बघितलं! फायनली! आणि तुला कळलं पण? कसली भारी आहेस तू!" तो मनापासून हसला. "इथे पण येतायत ना ते, मेलबर्नला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. घरून ट्रामने जाता येतं. मी तिकीट केव्हाच काढलंय. मे महिन्यात मी घाईत नंबर मागितला होता बघ, तो त्याचाच. इथलं कार्ड चालत नव्हतं आणि तिकिटं संपत आली होती, म्हणून तिकडच्या बँकेचं वापरलं. तुझ्यामुळेच मिळालं ते."

बाईंना खाली बसावंसं वाटलं. बसल्या.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. अरे वा. बरं झालं की. उगाच एवढं लांब यायचं, रजा घालवायची," बाई म्हणाल्या. आवाज अगदी नीट ठेवला त्यांनी, खात्यात असतानाचा. "जेवलास का?"

"नाही अजून. तूच जा ना आई तिथल्या शोला! धमाल येईल," म्हणत तो हसला, आणि मग ट्राममधून उतरायचा त्याचा स्टॉप आला.

फोन ठेवून बाईंनी ती यादी उघडली. जकार्ता. सिंगापूर. रिकामी जागा. पर्थ. आणि पर्थच्या खाली, स्वच्छ अक्षरांत, मेलबर्न. एप्रिलपासून होतं ते तिथे. शंभर वेळा बघितली असेल ही यादी, पण सगळी नजर रिकाम्या जागेवर. भरलेल्या जागेकडे बघायचं सुचलंच नाही. आणि ज्या नंबरने पोराचं येणं कायमचं रद्द केलं, तो नंबर आपणच आपल्या तोंडाने, एका दमात, त्याला सांगितला. रवीवर रागवायला जागाच नव्हती. त्याने काय केलं होतं बिचाऱ्याने? आवडता बँड घराजवळ येतोय, तो बघायला जातोय. मग बाई रडल्या. चार वर्षांपूर्वी दारात रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात रडून घेतलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात अंबिका, टोपलीतून पिशवी काढत. "घ्या वैनी, सोडं. एक नंबर हायेत. कवा येनार हाय पोर?"

"यायचाय अजून," बाई म्हणाल्या, आणि सगळे सोडे घेतले. डब्यात भरताना त्यांना कळत नव्हतं, की एवढे आता खाणार कोण.

फोनवर नेहाचा निरोप येऊन पडला होता. 'आंटी, रवी या शोला येणारच ना? त्याचं तिकीट आमच्यासोबतच काढू?' बाईंनी लिहिलं, 'त्याला यंदा जमत नाहीये.' सगळ्यांनी रडके चेहरे टाकले. यतीनने दोन टाकले. मग तासाभरात पोरं आपल्या मूळ धंद्याला लागली. पुढच्या वर्षी कोण? कुणी एका बँडचं नाव घेतलं, कुणी दुसऱ्याचं, कुणी पैज लावली.

वैजयंताबाई बराच वेळ नुसत्या वाचत राहिल्या. मग त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'ऑस्ट्रेलियाला कधीच जात नाही असा बँड कुठला आहे का रे?'

यतीनला ती गंमत वाटली. 'काय आंटी! असा बँड कुणाला हवाय?'

'मला,' बाईंनी लिहिलं.