कोपरे फोडलेल्या लाल पाट्या

माझ्या सासऱ्याने दगडावर कधी खूण केली नाही. गारेच्या पाट्या कापून तो भिंतीला टेकवून ठेवायचा. सगळ्या सारख्याच लाल, सारख्याच धुळकट. कोणती पाटी कशाची, हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात. नवऱ्याने एकदा कोळशाने एका पाटीवर रेघ ओढली. सासऱ्याने त्याचा हात लाकडी ठोकळ्यावर धरला आणि हातोडीने करंगळी ठेचली. मी तेव्हा नवी नवरी होते. सासू चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. तिचे स्वतःचे डावे मनगट कधीचे वाकडे बसलेले होते.

"दगडाले खूण केली का दगड दुसऱ्याचा होते," सासरा म्हणाला आणि पुन्हा कामाला बसला.

मालेगावहून शिरपूरकडे जाताना रस्त्यापासून आत आमचे गाव. घर देशमुखाच्या जागेत. शहरातले व्यापारी त्या दगडाला यशब म्हणायचे, शिकलेले जास्पर म्हणतात. आमच्याकडे ती गार. नदीच्या पात्रात, काळ्या रानात नांगराला लागायची. तारेच्या कमानीने ती कापायची, तारेवर पाण्यात कालवलेली कुरुंदाची भुकटी सोडत राहायची. मग साणेवर घासायची. साण फिरवायला चामड्याची वादी असते, ती बाईने ओढायची. लग्न झाल्यापासून वादी माझ्या हातात होती. हात हळू पडला की कमानीचे लाकूड पाठीत बसायचे. वादी ओढायची पद्धत मला कोणी शिकवली नाही, पाठीनेच शिकले.

गार दोन प्रकारची. एक जन्मापासून लाल, ती कच्ची. दुसरी पिवळी, ती गोवऱ्यांच्या आरात भाजली की लाल होते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर वरून काही कळत नाही. भाजलेलीचे मणी आणि अंगठीचे खडे चांगले होतात, पण ती ठिसूळ. कट्यारीच्या मुठीला चालत नाही. मुठीच्या दोन पाकळ्या असतात, त्यांना खिळ्यांसाठी भोके पाडावी लागतात, आणि भाजलेली गार तिथे फुटते. सासऱ्याने वर्षानुवर्षे दोन्ही पाट्या मुद्दाम मिसळून ठेवल्या होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस सासूला मारायला त्याने कमान उचलली आणि उचललेल्या हातासकट तो खाली पडला. आम्ही तिघे उभे राहून पाहत होतो. उठला तर आपले काही खरे नाही, म्हणून कोणी जवळ गेले नाही. तो उठला नाही. उजवे अंग गेले, जीभ गेली. खाटेवर टाकला तेव्हा नुसते डोळे आणि डावा हात शाबूत होते.

तेवढ्यात देशमुखाच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले. नवरदेवाच्या हातात कट्यार लागते आणि देशमुखाच्या घरी तिला लाल गारेची मूठ असायची. थोरल्याच्या लग्नात मूठ मांडवातच तडकली होती. पुढे थोरली सून बाळंतपणात मेली, तेव्हा लोकांनी मुठीला बोल लावला. त्यामुळे या वेळी देशमुखाचा कारभारी स्वतः आला. दारातच त्याने नवऱ्याच्या तोंडावर चाबूक ओढला.

"हे आधीच देऊन ठेवतो, म्हंजे ध्यानात राहीन. वरात निघाच्या आंधी मूठ पायजे. तडकली, नाई त झालीच नाई, त या खोपटाच्या मयाली काढून नेतो. मंग बसा आभायाखाली."

नवऱ्याने गालावरचे रक्त पुसले आणि एक पाटी खाटेपाशी नेली. "बा, हे कच्ची असंन त डोये मीट."

सासऱ्याने डोळे मिटले.

पाटीतून पाकळी कापली, घासली, आणि भोक पाडायला नवऱ्याने सामता लावला. सामत्याचे टोक अर्ध्यावर गेले नाही तोच पाकळी फुटली. एक चीप त्याच्या भुवईत घुसली. त्याने दुसरी पाटी दाखवली. म्हाताऱ्याने पुन्हा डोळे मिटले. तीही फुटली. तिसरी दाखवायला गेला तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडाची चांगली बाजू वर ओढलेली होती.

"बुढा हासून राह्यला!" नवरा ओरडला, आणि पाटी टाकून त्याने बापाचा गळा धरला.

सासू पायथ्याशी बसून तूर निवडत होती. "दाब," ती म्हणाली. "काहून थांबला?"

तो खरेच थांबला. बाप मेला असता तर पाट्या कायमच्या मुक्या झाल्या असत्या, एवढे त्याला रागातही कळत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो नवी गार शोधायला नदीवर गेला. पात्रात तेव्हा गोट्यांशिवाय काही नव्हते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

मी फुटलेले तुकडे झाडून गोळा करत होते. फुटल्या जागी ते तूप लावल्यासारखे चमकत होते. चुलीपाशी आमची विस्तव पाडायची गार होती, चकमकीवर मारून मारून कडा उडालेली. तिची फूट कोरडी, शिळ्या भाकरीसारखी. ती नदीतून उचललेली, कधी न भाजलेली. म्हणजे फरक आत होता आणि आत बघायचे तर पाटी फोडायला हवी होती. कोपरा उडालेल्या पाटीला व्यापारी हात लावत नाही. माझ्या नवऱ्याची करंगळी तर नुसत्या रेघेसाठी गेली होती.

मी हातोडी घेतली आणि पहिल्या पाटीचा कोपरा उडवला. चमक. दुसरीचा उडवला. चमक. खाटेवर म्हातारा घशातून आवाज काढू लागला, बैल कापताना निघतो तसा. मी पुढची उचलली. त्याने डाव्या हाताने उशाचा पितळी लोटा फेकला. तो माझ्या कपाळावर बसला. भुवईवरची खोक अजून आहे. रक्त डोळ्यात उतरले म्हणून दुसऱ्या डोळ्याने बघत राहिले.

"आजून मार वं पोरी," सासू म्हणाली. "त्याच्या कानाजवय नेऊन मार."

मी खाट भिंतीला लावली आणि त्याच्या उशाशी बसून फोडल्या. बहुतेक भाजलेल्याच निघाल्या. कोरड्या फुटीच्या मोजक्याच होत्या, त्या मी दाराकडे लावल्या.

नवरा रिकाम्या हाताने परतला. त्याला आधी चिपांचा ढीग दिसला. कमानीचे लाकूड घेऊन त्याने मला इतके मारले की बरगडीतून आवाज आला. मी भिंतीपाशी पडले. मग सासू मध्ये आली. तिने दोन चिपा त्याच्या नाकापुढे धरल्या.

"पाह्य आंधी, मंग मार. इची फूट पाह्य. इची पाह्य. बह्याडा, तुह्या बापानं जे लपवलं ते इनं काढलं."

त्याने पाहिले. चिपा उजेडात नेल्या, थुंकी लावली, पुसल्या, पुन्हा पाहिल्या. माझ्याकडे पाहिले नाही. दाराकडची एक पाटी उचलली आणि म्हणाला, "चाल, वादी धर."

मी वादी धरली. प्रत्येक ओढीला बरगडी आतून टोचत होती. हळू झाले असते तर पुन्हा मार बसला असता, म्हणून हळू झाले नाही. भोके पडली. पाकळ्या कट्यारीला लावून नवऱ्याने पहिला खिळा ठोकला तेव्हा सासूने तूर खाली ठेवली. तीनही खिळे बसले. मूठ अखंड राहिली. कारभाऱ्याने ती घेतली, दगडावर दोनदा आपटून पाहिली आणि गेला. छपराच्या मयाली जागच्या जागी राहिल्या.

सासरा पुढच्या पावसाळ्यात मेला. कोणी रडले नाही. त्याच्या जागेवर नवरा बसू लागला. थोड्याच दिवसांत एका सकाळी पाहिले तर माझ्या दोन बाजूंना लावलेल्या पाट्या एकत्र मिसळलेल्या होत्या.

"काहून मिसळल्या?" मी विचारले.

"कोणती कशाची, ते माह्या डोक्यात राह्यते," तो म्हणाला. "तुले काय कराचं हाये?"

मी ढिगातल्या एकेका पाटीच्या फुटक्या कोपऱ्यावर बोट फिरवले आणि पुन्हा वेगळ्या लावल्या. त्या दिवशी मार बसला. नवी पाटी कमानीतून सुटली की तो साणेकडे वळायच्या आत मी तिचा कोपरा उडवायची. त्याचाही मार बसायचा. कोपरा मात्र त्याला परत जोडता यायचा नाही.