उरलेल्या भाताची पावती

आमच्याकडे जेवताना तोंडानं "पुरे" म्हटलेलं कुणी धरत नाही. तोंडी नकार हा आग्रहाचाच भाग समजतात. पुरे म्हणायचं ते हातानं. ताटावर तळहात आडवा धरायचा, आणि तो वाढणाऱ्याच्या पळीच्या आधी पोचला पाहिजे. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात मी जन्मभर हेच पाहिलं. साताऱ्यातल्या ज्या थाळीच्या हॉटेलाबद्दल मी लिहिते आहे, त्याच्या मालकालाही हे नक्की ठाऊक असणार, कारण त्याच्या दारावर 'घरच्यासारखा आग्रह' अशी पाटी आहे. तिच्याखाली दुसरी आहे: 'ताटात उष्टे टाकल्यास शंभर रुपये दंड.' दोन्ही पाट्या एकाच रंगात, एकाच हाताच्या. त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता चालतात, बोलतात, पण उजवा हात उचलायला वेळ लागतो आणि शब्द त्याहून उशिरा येतात. गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याच्या बँकेत नेलं. आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून बाहेर पडेपर्यंत दुपारचे दोन वाजले. आबा म्हणाले, "भूक लागलीया." झटका आल्यापासून ते चारचौघांत जेवत नव्हते. घास सांडतो याची त्यांना लाज वाटायची. त्या दिवशी ते आपणहून तयार झाले, म्हणून मी खूश होते. पाटीवरची आग्रहाची ओळ वाचून आणखीच खूश झाले.

पहिली वाढ त्यांनी हळूहळू, डाव्या हातानं, नीट संपवली. मग मी हात धुवायला गेले. तेवढ्यात वाढपी आला.

"घ्या की आजोबा, आमटी लय झ्याक झालीया."

नंतर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला सांगितलं की आबांचा उजवा हात मांडीवरून निघाला होता. जन्मभराची सवय, नको म्हणायला उजवाच हात. तो ताटापर्यंत येण्याआधी भात पडला, भातावर आमटी पडली आणि बासुंदीची दुसरी वाटीही आली. मी परतले तेव्हा आबा त्या ढिगाकडे बघत होते. त्यांनी तो खायचा प्रयत्न केला. चौथ्या घासाला जोराचा ठसका लागला. मी म्हटलं, राहू द्या.

गल्ल्यापाशी एक पितळी घंटा टांगलेली आहे. उष्टं सापडलं की ती वाजवतात आणि सगळं हॉटेल वळून बघतं. मालक स्वतः गल्ल्यावर होता. त्याच्या मागच्या भिंतीवर त्याच्याच सत्कारांचे फोटो होते, शाल तीच, पाहुणे वेगळे. त्यानं स्वतः उठून घंटा वाजवली.

"अन्नाची किंमत कळली पाहिजे, आजोबा."

हे तो अशा माणसाला सांगत होता, ज्याच्या ताटात मी कधी भाकरीचा करपलेला पापुद्राही उरलेला पाहिला नाही.

मी म्हटलं, "भात त्यांनी मागितला नव्हता. तुमच्या माणसानं वाढला."

"मग नको म्हणायचं, मॅडम. हात आहे की त्यांना."

 तेवढ्यात आबा उठले, डाव्या हातानं खिशातून नोट काढून गल्ल्यावर ठेवली आणि शरीर जेवढं ऐकेल तेवढे सावधान उभे राहिले.

"चूक झाली, साहेब."

मालकानं पावती फाडून दिली. छापील होती. दंडाची छापील पावतीपुस्तकं बाळगणारं हॉटेल मी पहिल्यांदाच पाहिलं. वाढप्यानं आबांना पायऱ्या उतरवल्या. तो खजील झाला होता. मी त्याला विचारलं, या उष्ट्याचं पुढे काय होतं?

"मालकांच्या गोठ्यावर जातंय, ताई. धा म्हशी हायत."

म्हणजे बासुंदीसुद्धा आमच्याच उष्ट्यातून आली असावी.

 गाडीत आबा म्हणाले, "सव्वीस वर्सं नोकरी केली. एक रेड एंट्री न्हाई." फौजेत शिक्षा झाली की नोंदीत लाल शाईनं लिहितात, ती रेड एंट्री. घरी आल्यावर त्यांनी ती पावती पेन्शनच्या फायलीत, डिस्चार्ज बुकाच्या मागे लावली.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सांगलीच्या मावसभावाला फोन केला. तो वकील आहे.

"ताई, दंड करायचा अधिकार सरकारचा, कोर्टाचा, नाहीतर कायद्यानं ज्याला दिलाय त्याचा. आमटी वाढणाऱ्याचा नव्हे."

"पाटी होती. मी वाचली होती."

"बरं, धर की तो करार झाला. तरी त्यातला आकडा ही फक्त वरची हद्द. आत जे वाजवी असेल तेवढीच भरपाई, आणि त्याचं काही बुडालं असेल तर. ताटाचे पैसे पुरे दिलेस ना?"

"दिले."

"आणि उष्टं?"

मी म्हशींचं सांगितलं. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग नुकसान कुणाचं झालं? म्हशींची काही तक्रार आहे का? अगं, तो मागू शकतो, आपण नाही म्हणू शकतो. मग त्यानं कोर्टात जाऊन नुकसान दाखवावं. दारात अडवायचाही त्याला हक्क नाही. काकांनी द्यायलाच नको होते."

"ते हुकूम आला की पाळतात."

तो हसायचा थांबला.

मी पुन्हा साताऱ्याला गेले. मालकानं मला ओळखलं.

"शंभर रुपयांसाठी एवढी फेरी, मॅडम? आणि ते पैसे काय आम्ही खातो? अनाथाश्रमाला जातात."

"कोणत्या?"

"ते ट्रस्ट बघतं."

"ट्रस्ट कुणाचं?"

त्यानं भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. मी पावतीचा झेरॉक्स पुढे केला. "पैसे ठेवा तुमच्याकडे. यावर एक ओळ लिहा, दंड चुकीचा होता, रद्द केला. खाली सही करा."

त्यानं दोनशे रुपये आणि एका मोफत थाळीचं कूपन काढलं. "हे घ्या. लिहून काही देत नसतो आम्ही."

"दंड लिहून दिलात की."

"तो नियम आहे."

"कुणाचा?"

"हॉटेलचा."

साताऱ्याची गादी इतिहासात वाचली होती, ती गल्ल्यामागे असते हे माहीत नव्हतं. आपला राज्याभिषेक कधी झाला, असं मी त्याला विचारलं. प्रश्न कळला नाही असं दाखवून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पैसे आणि कूपन मी गल्ल्यावरच ठेवून आले. मी दारातून बाहेर पडत होते तेव्हा मागे घंटा वाजली. कोण होतं ते बघायला मी वळले नाही. त्याचा राग मला अजून स्वतःवरच येतो.

ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. दंड बेकायदा होता असं आदेशात लिहून मिळावं, एवढीच मागणी आहे. भाऊ म्हणतो, थोडी भरपाईही मागू या. मी नको म्हटलं. तारखा पडत आहेत. मालकाच्या वकिलानं मिटवून घ्या म्हणून निरोप धाडला. निरोपही तोंडीच.

मध्ये एकदा मी आबांना म्हटलं, "ती पावती खोटी आहे, आबा. फाडून टाकू का?"

"रेकॉर्ड हाय ते," ते म्हणाले. "फाडत नसत्यात."

बाहेर जेवायला ते पुन्हा आलेले नाहीत. घरी आता मी ताट मांडलं की त्यांचा डावा हात लगेच त्यावर येतो. ताट अजून रिकामंच असतं. पहिला भात वाढायलाही मला तो हात बाजूला करावा लागतो.