आवड कुणाची, आप्पा?

हैदराबादची बस मुडबीच्या फाट्यावर थांबली तेव्हा मायनं माझ्या पिशवीत पितळेची भातुकली कोंबली. "तुझ्या आवडीची हाय, ने. पुढं लेकीला व्हईल." मी ती खिडकीतून तिच्याच हातात परत दिली. "कामून गं अशी?" म्हणत माय रडायला लागली. आप्पा, तुम्ही मात्र सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं म्हणालात, "नोकरी लागली की लई माजायलीस!"

आवडीची म्हणे! मला विचारलं कुणी? जत्रेतून माझ्या भावाला, अण्णाला, कॅरम आणलात, मला चूल, तवा, परात. कॅरम ढाळजंत, माणसांच्या बैठकीत. पोरीनं तिथं बसायचं न्हाई. पण बोर्ड पुसायला, पावडर टाकायला, खाटंखालची सोंगटी काढायला मीच. एकदा अण्णा पाणी प्यायला उठला, तर मी त्याच्या जागी बसून राणी घेतली. कव्हरसकट! तुम्ही दंडाला धरून उठवलंत. "चहा ठेव जा. पोरींना असल्याची आवड नसती." वर पाहुण्यांना सांगायचात, आमच्या पोरीला भातुकली दिली की दिवसभर बघायला नको. जनावराला कडबाच टाकायचा, अन् म्हणायचं, ह्याला कडबाच आवडतो.

इथं हैदराबादला ऑफिसात कॅरम, टेबल टेनिस, सगळं मांडलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात फॉर्म आला, हॉबी लिहा. मी लिहिलं, कुकिंग. लिहिलं आणि स्वतःचीच चीड आली. दुसरं काही आठवेना. हाताला कधी लागलंच न्हाई, तर आठवणार काय, कप्पाळ!

आता माझी लेक शाळेत जाते. परवा तुमचा फोन आला. "नातीला सुट्टीला धाड. भातुकली चिंचेनं घासून ठिवलीय. आपल्या घरच्या पोरींना त्येचंच येड." नातीला तुम्ही धड पाहिलंही न्हाई, आणि तिचं येड ठरवून मोकळे!

न्हाई धाडणार, आप्पा. माजली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

रविवारी ती लुडो मांडते, हाक मारते, "आई, बस की." बसते मी. डाव निम्म्यावर येत न्हाई, तोवर हात शिवशिवतात, आणि मी उठून घासलेली भांडी परत घासते. माझाही फासा मग तीच टाकते. तुमच्या घरातलं माझ्याजवळ एवढंच उरलंय, निवांत बसू न देणारं हे वळण. मला खेळायला येत न्हाई, आप्पा. तिला येतं. ते मी तुमच्या हाती लागू देणार न्हाई.