मंगलाष्टकं संपेपर्यंत धरलेला खोपा

आमचं घर न्हाव्यांचं. पुरुष दाढ्या-हजामती करत आणि सासूबाई श्रीवर्धनातल्या ठरलेल्या घरच्या नवऱ्या मुलींना न्हाऊ घालून त्यांचे खोपे घालत. मी लग्न होऊन आले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात ओल्या काथ्याची जुडी दिली. म्हणाल्या, "यावर वेणी घाल. काथ्या ऐकायला लागला की माणसाचं डोकं देईन."

मला तो अपमान वाटला. मी रेवसची, बोटीने दोनदा मुंबईला जाऊन आलेली. मामाच्या चाळीतल्या एका बाईने मला कानांवर केसांचे फुगे काढायला शिकवलं होतं. शिकवलं एकच दुपार, पण सासरी सांगताना मी त्याचा महिना केला. माझा एक फुगा नेहमी दुसऱ्यापेक्षा मोठा यायचा. त्यालाच फॅशन म्हणतात, असं मी नणंदेला पटवलं होतं.

माझी तिसरी जुडी चालली होती, तेव्हा एका सुपारीच्या बागवाल्यांच्या नातीचं लग्न निघालं. नेमका लग्नाच्याच सकाळी सासूबाईंना हिवताप भरला. घोंगडीतून म्हणाल्या, "काल तिला न्हाऊ घातलंय. आज डोक्याला पाणी लावायचं न्हाय. साधा खोपा घाल नि ये. हे घर सुटलं तर मागची घरंही सुटतील."

पाणी का नाही, हे विचारायला तोंड होतं मला. पण विचारलं तर येत नाही असं दिसेल ना.

नवरीच्या केसांना मला शिळ्या तेलाचा वास आला. मी रिठे मागवले आणि डोकं पुन्हा लख्ख धुतलं. केस असे झाले की हातात राहीनात. तरी दोन फुगे काढले, मागे खोपा घातला, त्यावर सोन्याची जड मूद बसवली आणि घरात होते तेवढे आकडे खोचले.

अंतरपाट धरला नि पहिल्याच मंगलाष्टकाला मूद घसरली.

"अगं, माझ्या मानेवर काय उतरतंय?" नवरी पुटपुटली.

मी मागून हात घातला आणि खोपा धरला. सोडायची सोय नव्हती. भटजींचा गळा गोड होता आणि त्यांना ते ठाऊक होतं. वराकडच्या एका बाईने विचारलं, "हा कुठला रिवाज गं?"

"मुंबईचा," मी म्हटलं. निम्म्या अक्षता माझ्याच डोक्यावर पडल्या.

तोवर कुणीतरी घरी निरोप धाडला होता. सासूबाई घोंगडीसकट आल्या. मंगलाष्टकं संपताच नवरीला आत नेऊन त्यांनी खोपा सोडला, चुलीवरच्या भाताची पेज मागून घेतली आणि बोटांनी केसांना चोळली. "ताजा न्हायलेला केस पीळ धरत न्हाय," एवढंच म्हणाल्या. त्यांनी घातलेल्या खोप्यावरची मूद हलली नाही.

नवरीची आजी दारात उभी राहून सगळं बघत होती. आता ही आपल्याला उंबरा बंद करणार, म्हणून मी पदर तोंडाला लावला.

"धाकटीचं पुढल्या साली आहे," ती सासूबाईंना म्हणाली. "तूच ये." मग माझ्याकडे बघितलं. "हिलाही आण. धरते बरं."

पुढे दोन वर्षं मी सासूबाईंच्या मागून फणी, आरसा नि आकड्यांची डबी धरून हिंडले. कुणी विचारलं तर सांगायची, आम्ही दोघी खोपे घालतो.