न निवणारी टेकडी

भिंगबाईंना हे नाव त्यांच्या नणंदेनं दिलं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाडजूड चष्मा होता, आणि घर नेमकं दुर्बिणींचे आरसे घासणाऱ्यांचं. "दादानं बायको आणली की कामाचं सामान?" असं नणंदबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि नाव चिकटलं ते कायमचं. नवरा स्वतः काचेच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. तो पावाच्या भट्टीवर रमला. सासऱ्यांनी मात्र सुनेला पहिल्याच आठवड्यात तळघरात नेलं, अंधारात स्टुलावर बसवलं आणि समोरच्या आरशात काय दिसतं ते विचारलं. सुनेनं सांगितलं ते ऐकून म्हातारा खूश झाला. "आमच्या लेकीचा हात भक्कम, पण डोळा चंचल," ते लेकीच्या तोंडावर म्हणाले. "हिचा डोळा एकदा बसला की हलत नाही." तेव्हापासून वाटणी ठरली. काच घासून तिला आकार द्यायचा नणंदेनं. शेवटचा हात आणि शेवटची पारख भिंगबाईंची. या वाटणीवरून नणंदबाईंनी टोमणा मारला नाही असा दिवस गेला नाही, पण सासरे गेल्यावर कारखाना चालवला तो या दोघींनीच, गळ्यात गळा घालून.

हे काम म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं आरसा म्हणजे तोंड बघायची वस्तू. दुर्बिणीचा आरसा म्हणजे काचेची जाड तबकडी, वरून किंचित खोलगट. राळेचा थर दिलेली थापी आणि चकाकी आणणारी तांबडी पूड घेऊन ती हातानं घासत राहायची. मग अंधारात एक बारीक दिवा लावायचा, आरशापासून लांब बसायचं आणि समोर उभ्या केलेल्या धारदार पात्याच्या कडेशी उजवा डोळा न्यायचा. आरसा पूर्ण चंद्रासारखा उजळतो आणि त्यावरचे उंचसखल भाग सावल्यांनी दिसतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढी टेकडीसुद्धा लपत नाही. मात्र काच फार मनाला लावून घेणारी. तिच्यावर जरा वेळ तळहात टेकवा, तेवढ्या उबेनं ती तिथं फुगते आणि टेकडी दिसायला लागते. ती टेकडी खरी नव्हे. काच झाकून ठेवायची, निवू द्यायची, की ती आपोआप बसते. उतावळेपणानं घासून काढली तर काच निवल्यावर तिथं खड्डा पडलेला असतो, आणि खड्डा काही भरता येत नाही. मग सगळी काच त्या खड्ड्याच्या पातळीला उतरवत बसा. म्हणून सासऱ्यांचा एकच हुकूम असे. टेकडी दिसली की नजर मधोमध रोवायची, भिरभिरवायची नाही, आणि थांबायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वेधशाळेच्या बाई आल्या. वयानं लहान, हसऱ्या, चहाला नाही न म्हणणाऱ्या. त्यांना हवा होता जेवणाच्या गोल टेबलाएवढा आरसा. एवढा मोठा या कारखान्यात पूर्वी कधी झाला नव्हता.

"एवढा कशाला हवाय?" नणंदबाईंनी विचारलं.

"आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक कृष्णविवर आहे. त्याच्या दिशेनं दुर्बीण लावायची आहे."

"दिसतं कसं ते?"

"दिसत नाही."

नणंदबाईंनी भावजयीकडे बघितलं. "ऐकलंस वहिनी? न दिसणारी वस्तू बघायला आपण हाडं झिजवायची."

वेधशाळेच्या बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगायला लागल्या. चाळीस लाख सूर्यांचं वजन तिथं एका जागी कोंबलेलं आहे. उजेड आत गेला की बाहेर येत नाही. पण आसपासचे तारे त्याच्याभोवती फिरतात, आणि त्यांतला एक तर सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मोठमोठ्या दुर्बिणींनी त्याची पुरी फेरी पाहिली आहे. मधे बघावं तर काही नाही, आणि एवढा थोरला तारा त्या काही-नाहीभोवती गरकन वळतो. जवळ आला की तर असा सुसाट सुटतो की बघत राहावं.

भिंगबाई मनातल्या मनात हिशेब करत होत्या. "म्हणजे माझ्या लग्नापासून त्याच्या दोन फेऱ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "मी इथं पोरं वाढवत होते, आणि तो तिकडे फिरतच होता?"

"फिरतच होता."

"तिथं कुणी जाईल का हो कधी?"

"आपल्या हयातीत नाही. उजेडालाच तिथून इथं यायला सव्वीस हजार वर्षं लागतात, आणि आपली यानं उजेडापुढे गोगलगाय." बाईंनी कप पुन्हा उचलला. "पण निघतील माणसं. निघणारे पोहोचणार नाहीत, त्यांची पतवंडंही पोहोचणार नाहीत, तरी एक दिवस कुणीतरी निघेल असं मला वाटतं. आणि विवराच्या काठाशी म्हणे वेळसुद्धा मंदावतो. तिथं थोडा मुक्काम करून परत या, तर इथं पिढ्या उलटलेल्या."

"मी नाही बाई येणार," नणंदबाई म्हणाल्या. "मला साधी बस लागते. वहिनीला पाठवा, तिचं वय तरी वाढायचं थांबेल."

सगळ्या हसल्या. भिंगबाईही हसल्या, पण त्या दिवसापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. सव्वीस हजार वर्षं! उजेड तिथून निघाला तेव्हा कुणी शेत पेरलं नव्हतं, गाव वसवलं नव्हतं. तो निघाला आणि वाटेत कुठंही न टेकता, कुणाशी न बोलता येतच राहिला. आणि एवढा प्रवास करून तो पहिल्यांदा टेकणार कशावर, तर या तळघरात आपण घासलेल्या काचेवर. या विचारानं भिंगबाईंचा हात घासता घासता थबकायचा. "इतक्या लांबचा पाहुणा येतोय वन्सं," त्या म्हणायच्या, "दारातच ठेच लागून पडायला नको." नणंदबाई म्हणायच्या, "पाहुणा येईल तेव्हा येईल, तू आधी जेवून घे." पण वर्षभरात नणंदेनंही त्या काचेवर जीव ओतला, हे भिंगबाईंनी पाहिलं होतं.

अखेर शेवटचा हात फिरला. काच झाकली, रात्रभर निवू दिली. सकाळी भिंगबाई पात्याशी बसल्या आणि बघतात तर बरोबर मधोमध एक टेकडी. काळसर, धुरकट, पण आहे. त्या घाबरल्या नाहीत. अजून ऊब आहे, म्हणून काच परत झाकली. दुसऱ्या दिवशी टेकडी तिथंच. मग त्यांनी ऊब कुठून येते याचा शोध मांडला. दिवा बदलला. जिन्याखालची चहाची शेगडी वर हलवली. नणंदबाईंना तळघरात यायची बंदी केली, कारण त्यांचं अंग म्हणे फार गरम.

"आता माझ्या अंगाचाही दोष काय?" नणंदबाई जिन्यावरून ओरडल्या. "अगं, एवढीशी टेकडी, एक हात फिरव आणि मोकळी हो. वेधशाळेचा फोन रोज येतोय. गाडी ठरलीय, माणसं ठरलीत."

"निवल्याशिवाय हात लावणार नाही."

"बर्फ झाली असेल आता ती काच!"

टेकडी हलायला तयार नव्हती. भिंगबाईंना जेवण जाईना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टेकडी खरी असेल तर घासायलाच हवी; खोटी असेल तर घासली की वर्षाची मेहनत पाण्यात. एका सकाळी तर त्यांनी थापी हातात घेतली, पूड लावली आणि काचेजवळ गेल्यासुद्धा. मग सासऱ्यांचा आवाज कानात आला म्हणा किंवा अंगवळणी पडलेली सवय म्हणा, थापी खाली ठेवून त्या पुन्हा एकदा पात्याशी जाऊन बसल्या.

नजर मधोमध रोवली. टेकडी होतीच. तेवढ्यात आरशाच्या कडेला धुळीचा एक कण चमकला आणि भिंगबाईंची नजर, कधी नव्हे ती, तिकडे सरकली.

टेकडीही तिच्याबरोबर सरकली.

त्यांनी नजर दुसऱ्या कडेला नेली. टेकडी तिकडे आली. वर बघितलं, टेकडी वर. आणि मधला भाग, ज्याच्यासाठी इतके दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला होता, तो लख्ख उजळलेला. काच केव्हाच निवली होती. न निवणारं जे होतं ते काचेवर नव्हतंच.

त्यांनी हाक मारली. "वन्सं, जरा खाली या."

"येऊ का? अंगाला ऊब आहे माझ्या."

"या हो. आणि इथं बसा. आज तुम्ही बघा."

नणंदबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकल्या. पारखीच्या त्या स्टुलावर वडिलांनी त्यांना कधी बसू दिलं नव्हतं, आणि ते गेल्यावरही त्या हट्टानं बसल्या नव्हत्या. त्या बसल्या, पात्याशी डोळा नेला, आणि जन्मात पहिल्यांदा आपला आरसा उजळलेला बघितला.

"मधोमध काय दिसतंय?" भिंगबाईंनी विचारलं.

"काही नाही गं वहिनी. नितळ आहे. एक सुरकुती नाही. कसला सुंदर झालाय..." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या वळल्या. "मग तुला काय दिसत होतं?"

भिंगबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या स्टुलाशेजारी खाली जमिनीवर बसल्या. नणंदबाईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे. इतके दिवस डाव्यानं सांभाळून घेतलं, म्हणून कळलं नाही. डावाही आज ना उद्या त्याच वाटेनं जाईल. थोपवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. भिंगबाईंनी एवढंच विचारलं, की आरसा दुर्बिणीत बसेपर्यंत तरी डावा डोळा टिकेल का. कारखान्यातून आरसे जात, ते कुठंतरी दूर डोंगरावर बसत, आणि आपल्या आरशातून आकाश बघायचा योग त्यांना आजवर आला नव्हता. मुद्दाम जावं असं कधी वाटलंही नव्हतं. आता मात्र दुसरं काही सुचत नव्हतं.

डावा डोळा टिकला. वेधशाळेच्या बाईंनी दोघींना बोलावून घेतलं ते आरसा बसल्याच्या पहिल्याच संध्याकाळी. नणंदबाईंना घाटात बस लागायची ती लागलीच. अंधार पडता पडता घुमटाची फट उघडली आणि भिंगबाईंना शिडीवर चढवलं.

"विवराची जागा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मधे धूळ फार आहे. ते काम कॅमेऱ्याचं," बाई म्हणाल्या. "पण आज तुमच्यासाठी मुद्दाम बघायचं भिंग लावलंय. त्याच दिशेचा एक तारकांचा पुंजका आहे."

भिंगबाईंनी डावा डोळा लावला. तारेच तारे. सांडलेले, खच पडलेला, एकेक वेगळा, टोचेल इतका टोकदार. पाहुणे येऊन पोहोचले होते आणि एकालाही ठेच लागली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसून त्यांनी पुन्हा बघितलं, पोटभर बघितलं. खाली नणंदबाईंची चुळबुळ सुरू झाली.

मग भिंगबाईंनी, कुणाला न सांगता, उजवा डोळा लावला. पुढं आपल्याला काय उरणार आहे ते त्यांना बघायचं होतं. मधोमध काळोख. पुंजका गिळून बसलेला.

"फार पुसट तारे दिसत नसतील," खालून बाईंचा आवाज आला. त्यांना डोळ्याचं काहीच माहीत नव्हतं. "रोखून बघितलं की ते नाहीसे होतात. नजर जरा बाजूला ठेवा आणि थांबा. आम्ही सगळे तसंच बघतो."

भिंगबाईंनी आयुष्यभर मधोमध रोवलेली नजर बाजूला नेली आणि त्या थांबल्या. आधी काही नाही. मग काळोखाच्या कडेला एक तारा आला. त्याच्याशेजारी दुसरा. मग मघाशी चांगल्या डोळ्याला न दिसलेले, धुक्यासारखे बारीक, असंख्य, मागे आणखी, त्यांच्याही मागे आणखी. भिंगबाईंनी शिडीचा दांडा घट्ट धरला.

"वहिनी, उतर आता," नणंदबाई म्हणाल्या. "तो आरसा माझाही आहे हो!"

"थांबा वन्सं," भिंगबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे दिसायला लागलंय."