आईच्या ओठाजवळची चुणी

नातीने काल शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने धुळ्याचं आमचं जुनं घर आठवलं. थोरली बहीण, आमची अक्का, मशीनवर रंगीत दोऱ्यांनी आमच्या गेलेल्या आईचा चेहरा भरत होती. लाकडी रिंगमध्ये ताणलेल्या कापडावर कपाळ, डोळे आणि अर्धे ओठ उमटले होते. अक्का शिंदखेड्याला एका लग्नाला गेली, तेव्हा मला वाटलं रिंग उलटी लागलीय, कारण हाताने भरताना कापड रिंगच्या वरच्या बाजूला असतं, इथे ते तळाशी होतं. मी ती काढून सुलट बसवली. मग ती सुईखाली सरकेना, म्हणून घाबरून पुन्हा होती तशी लावली. अक्काने परतल्यावर ओठ पुरे केले, तर कापडाला चुण्या पडून आईचं तोंड वाकडं झालं. "भाऊ, मना हात आते चालत नही," ती म्हणाली आणि मशीनच देऊन टाकलं. हे माझ्यामुळे झालं की खरंच तिच्या हातामुळे, मला कळेना, आणि विचारायचं धाडसही होईना. काल नात सहज म्हणाली, "नाना, अर्ध्यात रिंग काढली ना, की ताण जातो, चेहरा बिघडतो." अक्का आता मेहरूणला असते आणि अजून हातालाच दोष देते. अक्का, तुझा हात चांगला होता. रिंग मी काढली होती.